पोपो आणि ताआ

लवंगा वाळत घातलेल्या चटयांमधून वाट काढत
बी मीझेंच्या अंगणात पोचले तेव्हा
त्यांचा उजवा पाय बादलीत होता,
पाणी वाफाळतं, आणि चेहरा असा
की बादलीतला पाय दुसऱ्याच कुणाचा असावा.

"ताआ," त्या म्हणाल्या. पुढे काही नाही.

सकाळी शेवाळाच्या शेतात, गुडघाभर पाण्यात,
खुंट्यांना दोऱ्या बांधताना भरती वर चढली
आणि पायाखालची वाळू हलली.
पिवळसर चकती, तिच्यावर निळे ठिपके,
शेपटीच्या दोन्ही कडांना निळी रेघ,
वहीला समास आखावा तशी.
काटा समासाबाहेर.

मी या पेंबा बेटावर वाघळं मोजायला आले होते.
पाकट माझ्या कामात बसत नव्हती.
तरी वहीत तिच्यासाठी रकाना पडलाच.

पोपोचा पंख म्हणजे हात. खरोखरचा हात:
अंगठा तेवढा मोकळा राहिला,
बोटं वाढत गेली, वाढतच गेली,
मधली कातडी छत्रीच्या कापडासारखी ताणली गेली.
ताआला हात कधी नव्हताच.
हाडही नाही. कानाच्या पाळीसारखी कूर्चा,
आणि कडेनं फिरणारी एक लाट,
जणू पाण्यालाच कुणी दुमड घातली.

तिचे डोळे पाठीवर, तोंड पोटाखाली:
आपण काय खातो ते तिला जन्मभर दिसत नाही.
हा उलटा टांगलेला, तांबूस केसांचा, काळ्या पंखांचा,
याला सगळं दिसतं.
कुठला आंबा पिकला, कुठलं उंबर,
कुठल्या झाडाखाली म्हातारा फाकी बसलाय.

फाकी म्हणजे बी मीझेंचे यजमान.
तरुणपणी त्यांनी पोपो जाळ्यात धरले, खाल्ले.
"मांस गोड. फळांचंच की ते."
आता त्याच झाडांखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून
पाहुण्यांची तिकिटं फाडतात.
"शेपूट नसलेल्याला मी पकडलं," बादलीकडे बघत म्हणाले,
"शेपूटवालीनं आमच्या घरातलं माणूस पकडलं. फिटलं."
बी मीझेंना ते फिटल्यासारखं वाटलं नाही.

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं:
पाकट अंडी बाहेर टाकत नाही,
पिल्लं पोटातच वाढतात,
आत दुधासारखं काहीतरी पाझरतं, ते पितात.
त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.
"किती?"
फार तर सात.
"आणि पोपोला?"
एक. छातीला धरून उडते, बरेच दिवस.
पाय पाण्यात थोडा हलला.
"मला नऊ झाली," त्या म्हणाल्या,
आणि वर काढून ठेवलेलं उकळतं पाणी
स्वतःच बादलीत ओतलं.

मला आमच्याकडच्या कोळणी आठवल्या.
पाटीत पसरून ठेवलेली ही, तिला त्या वाघळी म्हणतात;
झाडावरचा तो वाघूळ.
एका हाकेला दोघंही वळून बघतील.
मी पगार घेऊन करते ती तुलना
भाषेनं फुकटात कधीच उरकली होती.

सूर्य गेला तसे ते सुटले.
आधी एक, मग सगळं झाडच उठल्यासारखं.
अंगठ्याखाली मोजणीचं बटण,
दोनशे चाळीस, एकेचाळीस,
पंखांचा आवाज ओली चादर झटकल्यासारखा.
दुपारपासून वीज नव्हती. अंगणात अंधार,
त्यात बी मीझेंचा पाय विसरून गेल्यासारखा पाण्यात.

तीनशे बारावर असताना
खोलीतला बल्ब लागला,
आणि नातवंडं एका दमात ओरडली: "ताआ! ताआ!"

बी मीझेंनी पाय असा वर ओढला
की बादली कलंडली,
कोमट पाणी चटईखाली शिरलं,
लवंगा वाहू लागल्या,
सगळे धावले.

इथं दिव्यालाही ताआच म्हणतात,
हे मला तेव्हा कळलं,
ओंजळीत ओल्या लवंगा घेऊन.
बी मीझे हसत होत्या, एका पायावर उभ्या,
फाकींच्या खांद्याला धरून.

वर अजून जात होते.
मोजायचे राहिले.